बिलोबांचं ज्ञानदान

आपली नोकरी दुसऱ्याला नीट शिकवून मगच घरी जायचं, असा हुकूम बिलोबांना मिळाला तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी आदळला नाही. एकोणीस वर्षं एकाच टेबलावर काढलेल्या माणसाने मॅनेजरबाईंसमोर कप आदळणं बरं दिसत नाही. शिवाय कप कंपनीचा होता.

"काम बाहेर देतोय," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तिकडे दुसऱ्या गावात एक कंपनी आहे, तिला. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. तेवढ्यात तुमचं सगळं ज्ञान हस्तांतरित करायचं."

"सगळं?"

"सगळं. फॉर्म आहे त्याचा."

फॉर्म एका पानाचा होता आणि त्यात बारा ओळी होत्या. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ज्ञान देण्यास लागणारा वेळ (मिनिटांत)'. बिलोबांना नोकरी जाण्याचं दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी ते या मिनिटांनीच जास्त घायाळ झाले. माणसाचा अपमान करायचा तर निदान तासांत तरी करावा.

बिलोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा खात्याची बिलं ज्या प्रोग्राममधून निघत, तो प्रोग्राम ते एकटे सांभाळत. ज्यांनी तो लिहिला होता ते केव्हाच नोकऱ्या बदलून, पगार दुप्पट करून निघून गेले होते. बिलोबा राहिले. कुणा वात्रटाने त्यांना बिलोबा म्हणायला सुरुवात केली, आणि हे नाव ऑफिसातून घरी कसं पोचलं कोण जाणे, पण बायको रागावली की तीही तेच म्हणे.

त्या संध्याकाळी ती रागावलेली नव्हती. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढून आली होती आणि तिने शांतपणे विचारलं, "आणि चिरंजीवांचं कर्ज?"

चिरंजीव कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सॉफ्टवेअरच्याच. हे कर्ज वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कॅशियरसाहेबांच्या सल्ल्याने काढलेलं होतं. "कॉम्प्युटर शाखा ना? डोळे मिटून सही करा," असं ते म्हणाले होते, आणि बिलोबांनी जामीनदाराच्या रकान्यात जवळजवळ डोळे मिटूनच सही केली होती. आता चिरंजीवांच्या कॉलेजात मुलाखतींचा मोसम सुरू होऊन दोन महिने झाले होते. आजवर एकच कंपनी आली होती, आणि तीसुद्धा पत्ता चुकून.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला जिना चढण्याइतकाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कॅशियरसाहेब स्वतः खाली आले. पाठोपाठ बिलोबांचा मेहुणा आला. पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा त्याचा धंदा होता आणि त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या तळाशी काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा समज होता.

"दाजी, मांजराने वाघाला काय शिकवलं?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"सगळं."

"सगळं नाही! झाडावर चढणं नाही शिकवलं. म्हणून मांजर जिवंत आहे आजपर्यंत. तुम्ही पण एक गोष्ट हातची ठेवा. महिन्याभरात तिकडे बोंब होईल, आणि तुम्हाला गाडी पाठवून बोलावतील. मग तिप्पट पैसे सांगायचे."

"तिजोरीला दोन चाव्या असतात," कॅशियरसाहेब गंभीरपणे म्हणाले. "एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. मी छत्तीस वर्षं माझी चावी कुणाला हात लावू दिली नाही."

"आणि निवृत्त झालात तेव्हा?" बायकोने आतून विचारलं.

"तेव्हा दिली. सही घेऊन."

बिलोबा हसले आणि म्हणाले, "छे हो, असलं काही आपल्याच्याने व्हायचं नाही." ते मनापासून म्हणाले. पण ती गोष्ट कोणती असू शकेल, याचा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता, आणि उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

शहरातल्या जुन्या बिल्डिंगांना जुने मीटर होते, पाच आकड्यांचे. मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववर पोचला की पुढच्या युनिटला सगळी शून्यं होत. आता प्रोग्रामला हे कोण सांगणार? तो आपला नव्या आकड्यातून जुना आकडा वजा करी, उत्तर उणे येई, आणि बिल छापताना उण्याची खूण गळून पडे. म्हणजे चार बादल्या वापरणाऱ्याला अख्ख्या तलावाचं बिल. यावर बिलोबांनी फार पूर्वी एक इवलासा प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याचं नाव 'चिमटा'. दर तीन महिन्यांनी बिलं काढण्याआधी तो एकदा चालवायचा, की तो असे मीटर बरोबर चिमटीत पकडून आकडा दुरुस्त करी. हे काम जेमतेम चार मिनिटांचं होतं. ते कुठल्याही कागदावर नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

शिकवणी सुरू झाली. पडद्यावर चौकट उघडेल आणि तीत एखादा गुळगुळीत, टाय लावलेला पोरगा दिसेल, अशी बिलोबांची खात्री होती. अशा पोराचा द्वेष करण्याची त्यांनी आदल्या दिवशी थोडी तयारीही केली होती. चौकटीत दिसली ती एक बारीक चणीची मुलगी. तिच्या कानावरच्या हेडफोनची तार चिकटपट्टीने जोडलेली होती, आणि मागे पंख्याचा असा आवाज येत होता की ती एखाद्या पिठाच्या गिरणीतच बसली आहे असं वाटावं.

"सर, मी हाताने लिहून घेतलं तर चालेल? टाइप केलं की माझ्या लक्षात राहत नाही."

तिथेच घात झाला. बिलोबाही हाताने लिहून घेणारे. ऑफिसात त्यांच्या वहीला लोक हसत. पहिल्या दिवशी त्यांनी तिला प्रोग्राम कुठून सुरू होतो ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कुठे अडतो ते. तिसऱ्या दिवशी तो कधी रुसतो आणि मग त्याला कसं गोंजारायचं ते. चौथ्या दिवशी त्यांनी त्यांचा एकमेव विनोद सांगितला, की पाण्याचं बिल हे असं एकच बिल आहे जे भरल्यावरही नळ कोरडा राहू शकतो. एकोणीस वर्षांत या विनोदाला कुणी हसलं नव्हतं. ती इतकी हसली की हेडफोनची चिकटपट्टी निघाली.

हळूहळू तिची माहितीही कळत गेली. वडील शिंपी. तिच्या शिक्षणाच्या कर्जासाठी त्यांनी दुकानाचे कागद बँकेत ठेवले होते. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. हप्ता सुरू व्हायचाही मुहूर्त नेमका तोच. ती हे रडगाणं म्हणून सांगत नव्हती. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सांगत होती, जसं आपण उद्या दाढ काढायची आहे म्हणून सांगतो.

बिलोबांच्या बारा ओळींची बारा पानं झाली आणि बारा पानांची बघता बघता दोनशे बारा. त्यात काय नव्हतं! खात्याचे कोणते साहेब फोनवर ओरडतात पण मनाने बरे आहेत, कोणत्या विभागाचे आकडे सोमवारी मागू नयेत, जुन्या प्रिंटरला उजवीकडून थापट मारावी आणि डावीकडून का मारू नये, सगळं. आयुष्यात कधी पत्रसुद्धा धड न लिहिलेल्या माणसाच्या हातून हा ग्रंथ उतरला होता. बिलोबा तो पुन्हा पुन्हा वाचत आणि मनात म्हणत, काय माणूस होता हा!

पण कंपनीच्या पोर्टलवर एका वेळी पाचच पानं चढत. बिलोबांनी ग्रंथाचे त्रेचाळीस तुकडे केले. सतरावा तुकडा चढवल्यावर पोर्टल म्हणालं, 'आधीच्या सोळांना मंजुरी नाही.' मंजुरी देणारे साहेब तिसऱ्या मजल्यावर बसत. बिलोबा गेले तर टेबल रिकामं, फक्त एक कुंडी. शेजारचा म्हणाला, "त्यांना मागच्याच आठवड्यात घरी पाठवलं."

"मग मंजुरी?"

"ती त्यांच्याच लॉगिनमधून होते."

"आणि लॉगिन?"

"ते बंद करायला त्यांचीच मंजुरी लागते. म्हणून चालू आहे अजून. पण पासवर्ड ते घेऊन गेले."

बिलोबा त्या साहेबांच्या घरी गेले. साहेब बनियनवर दार उघडायला आले, पासवर्ड ऐकवला आणि मग बिलोबांचा हात धरून तासभर स्वतःचीच कहाणी सांगत बसले. त्यांनाही ज्ञान हस्तांतरित करायला लावलं होतं. आठ मिनिटं लागली होती म्हणे. बिलोबांना त्यांची दया आली, आणि मनातल्या मनात थोडा गर्वही झाला. तेवढाच एक गर्व त्या दिवसांत शिल्लक होता, म्हणून तो माफ करावा.

शेवटच्या आठवड्यात त्या मुलीने विचारलं, "सर, आणखी काही राहिलं नाही ना?"

"नाही," बिलोबा म्हणाले. चिमट्याचं तिला अगदी शेवटच्या दिवशी सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधीच का नाही, याचं कारण त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "सर, माझी वही सगळी बघितली मी. पण कुठे तरी काही तरी सुटलंय असं वाटतं. जुन्या बिल्डिंगांचं काही वेगळं असतं का?"

पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं. बिलोबा चहा प्यायला उठले.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता निरोपसमारंभ होता. केकवर त्यांचं नाव चुकीचं होतं. ते त्यांनी मनावर घेतलं नाही, कारण खरं नाव ऑफिसात कुणाला ठाऊकच नव्हतं. मग मॅनेजरबाई उठल्या आणि एका कागदावरून वाचू लागल्या. "अकरा वर्षं या कुटुंबाचा भाग असलेले आपले लाडके सहकारी, ज्यांनी आपल्या पगारपत्रक विभागाला..."

बिलोबा पाणी विभागात होते. तेही एकोणीस वर्षं. कागद दुसऱ्याच कुणाचा होता. ती चूक शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि केक कापून लोक आपापल्या जागी गेले. ज्याचा कागद होता तो बिचारा पुढच्या महिन्यात जायचा होता. त्याच्या वाट्याला काय वाचलं असेल, देव जाणे.

बिलोबा टेबलावर येऊन बसले तेव्हा चौकटीत ती मुलगी वाट बघत होती. "सर, थँक्यू. खूप शिकवलंत तुम्ही. शेवटचं विचारते हं, रागावू नका. आणखी काही राहिलं नाही ना?"

बिलोबांच्या तोंडात केकची साखर होती आणि कानांत ती अकरा वर्षं. मेहुण्याचं मांजर त्या क्षणी सरसर झाडावर चढलं.

"नाही," ते म्हणाले. "सगळं दिलं."

मग वाट बघण्याचे दिवस आले. बिलोबा मोबाइल घेऊन बाथरूममध्येही जाऊ लागले. मेहुण्याने तिप्पट पैशांचा आकडा पाठ करून घेतला होता. "लगेच हो म्हणायचं नाही, दाजी. बघतो म्हणायचं. दोनदा बघतो, मग हो." एक नवीन शर्टही घेतला, बोलावणं आल्यावर घालायला. चिरंजीवांना यातलं काही माहीत नव्हतं. ते एकदा सहज म्हणाले, "बाबा, तुमच्या जागी जी आली ना, तसलं काम मिळालं तरी मी करीन," आणि बिलोबांनी विषय बदलला.

तिसऱ्या महिन्यात बिलं आली.

सकाळी जिन्यात जो आरडाओरडा झाला त्यावरूनच बिलोबांनी ओळखलं. त्यांची बिल्डिंग जुनी; मीटर पाच आकडी, सगळ्यांना मिळून एकच, आणि बिल घरागणिक वाटून. कॅशियरसाहेब बिल हातात धरून जिन्यातच बसले होते. "अहो, हे बघा! मी काय नदी प्यालोय? दोन माणसं आम्ही! हिला तर पाणी बाधतंसुद्धा!"

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं गळती असेल, आधी संडास तपासा. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सगळ्यांच्या बिलांची बेरीज केली आणि ती ऐकून एक गृहस्थ खाली निघून गेले. बिलोबा कोपऱ्यात उभे होते. मनात ते लाजले नव्हते, हे नमूद केलं पाहिजे. मनात ते नवा शर्ट घालून मॅनेजरबाईंसमोर बसले होते आणि म्हणत होते, "बघतो."

फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी न राहवून त्यांनीच मॅनेजरबाईंना फोन लावला. मोबाइल एका बाळाच्या रडण्याच्या पार्श्वभूमीवर उचलला गेला. "मी आता तिथे नाही," बाई म्हणाल्या. "मलाही काढलं. दोन महिने झाले. तुम्ही कोण म्हणालात?"

मग ते पाणीपुरवठा खात्यात गेले. तिथल्या जुन्या ओळखीच्या कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्याच्यासमोर बिलांचे गठ्ठे होते आणि हातात रबरी शिक्का. तो प्रत्येक बिलावर शिक्का मारत होता: 'मागील बिलाइतकी रक्कम भरावी'.

"एवढ्याने भागलं?" बिलोबांनी विचारलं.

"भागलं की. दोन दिवस लोक ओरडले, मग साहेब म्हणाले शिक्का बनवा. शिक्का बनवायला एक दिवस गेला." ठप्प. "नाही तरी तुमचा तो प्रोग्राम आता बंदच होतोय. खात्याने तयार प्रोग्राम विकत घेतलाय. मीटरपण नवीन बसणार." ठप्प. "तुमच्यानंतर ती कोण पोरगी होती ना तिकडे, तिला काढलं म्हणे. काम येत नव्हतं तिला."

कारकुनाने त्यांना चहा विचारला, तो त्यांना ऐकू आला नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. तिने ती निवडून पुरी केली.

"आमच्याकडे एकदा एकाने नमुना बदलला होता," मग ती म्हणाली. "स्वतःची चूक झाकायला. त्याला काही झालं नाही. ज्याचं रक्त होतं त्याला महिनाभर नको ती औषधं खावी लागली." ती उठली. "आपल्याही पोराच्या कर्जावर तुमचीच सही आहे. एवढं तरी आठवायचं होतं, बिलोबा."

ती रागावली होती.

आता चूक कबूल करायची तर ती कुठे करायची? बिलोबांना वाटलं होतं, गुन्हा करणं अवघड असतं आणि कबूल करणं सोपं. अनुभव उलटा आला. जुन्या ऑफिसच्या दारावर वॉचमनने त्यांना अडवलं. एकोणीस वर्षं रोज हात वर करून नमस्कार केलेला माणूस. "पास?" तो म्हणाला, आणि मग ओशाळून, "तुम्हाला ओळखतो हो मी. पण मशीन ओळखत नाही." मुलीचा फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता, तो ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये होता. शेवटी चिरंजीवांच्या मदतीने त्यांनी त्या बाहेरच्या कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. 'तक्रारीचा प्रकार' या खाली तीनच पर्याय होते: सेवा, उत्पादन, कर्मचाऱ्याची वर्तणूक. कबुली नव्हती. बिलोबांनी त्यातल्या त्यात जवळचा म्हणून तिसरा निवडला आणि पोटतिडकीने लिहिलं, की या मुलीच्या प्रकरणात अतिशय निंद्य वर्तन घडलेलं आहे आणि ते करणारा मी आहे. शब्दांची मर्यादा होती. 'घडलेलं आहे'पर्यंतच चढलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे. सदर महिला कर्मचाऱ्यास यापूर्वीच कामावरून कमी केले असून, आपली तक्रार तिच्या नोंदीत जोडण्यात आली आहे.'

चिरंजीवांनी ते मोठ्याने वाचलं, मग हळू आवाजात पुन्हा वाचलं. "बाबा," ते म्हणाले, "तुम्ही केलंत काय?"

तेव्हा त्यालाही सांगावं लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने त्या गावाच्या बसचं वेळापत्रक शोधून दिलं.

सात तासांचा प्रवास. कंपनी एका गाद्यांच्या दुकानाच्या वर होती. जिना चढून गेल्यावर एक लांब खोली लागली, वीसेक टेबलांची, त्यातली सातच भरलेली. गिरणीसारखा आवाज करणारा पंखा बिलोबांनी आवाजावरूनच ओळखला. कोपऱ्यात एचआरचा तरुण बसला होता. बिलोबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"पण काका, तुम्ही हे कोण म्हणून लिहून देताय? तुम्ही आमचे कर्मचारी नाही, ग्राहक नाही."

"गुन्हेगार म्हणून लिहा."

त्याने पडद्यावर वर-खाली बघितलं. "'इतर' म्हणून टाकतो."

चार पानी जबाब झाला, सही झाली. तरुणाने प्रत काढून दिली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? तिला परत घेता येणार नाही. चांगली होती ती. पण घ्यायचं कुठे? आमचंही काम पुढे चाललंय, आणखी स्वस्तात. मीच सगळ्यांचे फॉर्म भरून घेतोय. एवढं करतो, तिच्या नोकरी सोडल्याच्या पत्रात 'कामास अपात्र' आहे ते खोडून 'प्रकल्प संपल्यामुळे' घालतो. आणि ती तुमची तक्रार काढून टाकतो. दुसरीकडे अर्ज करताना तिला आडवं येणार नाही." मग त्याने स्वतःच एका कागदावर तिच्या वडलांच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला.

दुकान एका माणसाला आडवं झोपता येईल एवढं होतं. ती शिलाईमशीनच्या मागे बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. चौकटीबाहेर ती आणखी लहान दिसत होती. तिने वर बघितलं आणि सुई तशीच हातात राहिली.

"सर?"

"हेच का तुझे सर!" शिंपी लगबगीने पुढे आला. "या, या. हिच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असायचं. दोनशे पानं लिहून दिलीत म्हणे पोरीला. आजकाल कोण देतो?" स्टूल पुसून त्याने बिलोबांना बसवलं, आणि चहा सांगायला बाहेर गेला.

बिलोबांनी जबाबाची प्रत तिच्यासमोर ठेवली. तिने उठून ती उभ्या उभ्या वाचली. हाताने लिहून घेणारी माणसं वाचतातही सावकाश.

"मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं मलाच कळलं नाही. काढल्यावरसुद्धा मी ती पानं वाचत होते. सगळी. दोनदा वाचली. म्हटलं, सरांनी लिहिलं असणारच कुठे तरी, माझ्याच नजरेतून सुटलंय." तिने प्रतीवर बोट ठेवलं. "काय होतं ते? नीट सांगा. यात नुसतं 'एक पायरी' म्हटलंय."

तिथे शिंप्याचा खडू होता आणि बेतायचा खाकी कागद होता. बिलोबांनी पाच नऊ काढले, त्याखाली पाच शून्यं काढली. वजाबाकीची खूण काढायच्या आतच तिने मान हलवली.

"फिरून शून्यावर येतो मीटर. तेवढे शोधून लाख मिळवायचे. इतकंच?"

"इतकंच."

"चार ओळींचं काम आहे हे. मी स्वतः लिहिलं असतं, सर. फक्त मीटर पाच आकडी असतो एवढं सांगितलं असतंत तरी." तिने कागदाची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. "आमच्या घरी सहा आकडी आहे."

चहा घेऊन शिंपी आला. मुलीचा चेहरा बघून तो क्षणभर थबकला, पण पाहुण्यासमोर विचारलं नाही. "सर, एवढ्या लांबून आलात, तुम्हाला एक शर्ट शिवून देतो. नाही म्हणू नका. उभे राहा बघू." आणि बिलोबा नाही नाही म्हणत असताना त्याने त्यांच्या छातीभोवती टेप घातलीसुद्धा.

"बाबा, राहू दे. सरांची बस आहे," मुलगी म्हणाली.

तिने वाट करून दिली होती. बिलोबांना नुसतं 'हो, बस आहे' म्हणायचं होतं. टेपचं थंड टोक बरोबर छातीवर होतं.

"हिची नोकरी माझ्यामुळे गेली," बिलोबा म्हणाले. "मी एक गोष्ट मुद्दाम लपवून ठेवली. हिने विचारलं तरी सांगितली नाही. मला वाटलं होतं, मला परत बोलावतील."

टेप तशीच राहिली. मागच्या गल्लीतून कुणी तरी भंगार मागत गेलं. मग शिंपी म्हणाला, "श्वास सोडा, सर. रोखून धरला की माप चुकतं."

बिलोबांनी श्वास सोडला. शिंप्याने आकडा बघितला. पुढ्यात मापाची वही उघडी होती, पेन्सिल कानावर होती. त्याने काही लिहिलं नाही. टेप गुंडाळून गळ्यात टाकली, वही मिटली आणि मुलीला म्हणाला, "सरांना स्टँडपर्यंत सोडून ये. त्यांना रस्ता माहीत नसेल."

ती पुढे आणि बिलोबा दोन पावलं मागे, असे ते चालत गेले. रस्ता सरळ होता. चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं. स्टँडवर बस लागायची होती.

"एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "पगार कमी आहे. हप्त्यापुरता होईल. आधी कुणाबरोबर काम केलं, त्यांचं नाव द्या म्हणतात."

"माझं देऊ नकोस."

"नाहीच देणार," ती म्हणाली.

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. बस यायला वीस मिनिटं होती. ती निघून गेली नाही, बसलीही नाही. खांबाला टेकून उभी राहिली. जा म्हणायला बिलोबांची जीभ रेटेना, आणि थांब म्हणायचा हक्क त्यांनी गमावला होता. बस आली तेव्हा त्यांना खांबाच्याच बाजूची, खिडकीजवळची जागा मिळाली. ती त्यांनी दुसऱ्याला दिली आणि आत सरकून बसले.